नवी पेठेतली फॉरेन सर्व्हिसची वीकेंड बॅच, पूर्ण केल्यानंतरचा रिव्ह्यू

ज्यांना यूपीएससीत फक्त रँक हवी आहे आणि फॉर्ममध्ये आयएएसच्या खाली दुसरी पसंती म्हणून आयएफएस, म्हणजे परराष्ट्र सेवा, टाकायचं आहे त्यांनी या बॅचला पैसे घालू नका, तुमचा जीएस, म्हणजे सामान्य अध्ययन, इथे पूर्ण होणार नाही. पण ज्यांना खरंच परराष्ट्र सेवेत जायचंय, किंवा जायचंय की नाही हेच नीट कळत नाहीये, त्यांनी ही बॅच करावी असं मी मनापासून सांगते. मी बार्शीची, शाळा मराठी मीडियम, बीएस्सी करून पुण्यात आले आणि पीएसआयआर, म्हणजे राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध, हा ऑप्शनल विषय घेतलाय. या एका क्लासने माझ्या तयारीची दिशा ठरवली, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी रोकडा व्यवहार. फी १८ हजार, दोन हप्त्यात देता येते. शनिवार-रविवार दुपारी चार ते साडेसात, बॅच चार महिन्यांची. जागा गांजवे चौकापासून चालत पाच मिनिटांवर, दुसरा मजला, लिफ्ट नाही, खाली बाईक लावायला जागा मिळेलच असं नाही. वर्गात पस्तीसेक जण बसतात, मागच्या दोन बाकांवर पंख्याचा वारा येत नाही आणि खिडकी उघडी ठेवली की शास्त्री रोडच्या हॉर्नचा आवाज येतो, तेव्हा वेळेत जाऊन पुढे बसा. पिण्याचं पाणी चांगलं, टॉयलेट स्वच्छ, मुलींसाठी वेगळं. झेरॉक्सचे पैसे फीमध्येच आहेत, हे बाकी क्लासवाल्यांनी शिकण्यासारखं आहे.

पहिल्या लेक्चरला सरांनी फळ्यावर तीन वर्षांचे आकडे लिहिले. २०२२ च्या परीक्षेत ९३३ जणांची शिफारस झाली, त्यात आयएफएसच्या जागा ३८. २०२३ ला १०१६ पैकी ३७. २०२४ ला १००९ पैकी ५५. आणि या जागा खुला, ओबीसी, एससी, एसटी, ईडब्ल्यूएस सगळ्यांच्या मिळून. बहुतेक क्लासमध्ये पहिल्या दिवशी टॉपरचे फोटो दाखवतात, इथे हे आकडे दाखवून सर म्हणाले की आता घरी जाऊन दोन दिवस विचार करा, पैसे परत पाहिजेत तर सोमवारपर्यंत सांगा. तीन-चार जणांनी खरंच परत घेतले आणि त्यांना कुरकुर न करता मिळाले. मला तिथेच या माणसाबद्दल विश्वास वाटायला लागला. त्याच दिवशी अजून एक गोष्ट कळली जी मला दोन वर्षं पुण्यात राहून कोणी सांगितली नव्हती. एकदा तुम्ही आयएएस किंवा आयएफएसमध्ये रुजू झालात आणि सेवेत आहात तोपर्यंत सिव्हिल सर्व्हिसेसची परीक्षा परत देता येत नाही. म्हणजे आत्ता आयएफएस घेऊ, पुढच्या अटेम्प्टला आयएएस काढू, हा जो हिशोब अभ्यासिकेत चहा पिताना सगळे मांडतात तो मुळातच चालत नाही. पसंतीक्रम भरताना हे माहीत पाहिजे.

सर स्वतः परराष्ट्र मंत्रालयातून रिटायर झालेत, पण यूपीएससीने लागलेले नाहीत. ते स्टाफ सिलेक्शनमधून असिस्टंट म्हणून लागले, ज्याला आयएफएस बी म्हणतात, आणि प्रमोशनने वर गेले. हे ते पहिल्याच तासाला अगदी अभिमानाने सांगतात. आणि हा रस्ता आजही उघडा आहे, स्टाफ सिलेक्शनची पदवीधरांसाठीची परीक्षा, म्हणजे एसएससी सीजीएल, देऊन परराष्ट्र मंत्रालयात असिस्टंट सेक्शन ऑफिसर होता येतं आणि परदेशातल्या दूतावासात पोस्टिंगही मिळतं. राजदूत व्हायचं तर सिव्हिल सर्व्हिसेसचाच रस्ता धरा, पण दूतावासात काम करायचं, देशासाठी बाहेर राहायचं एवढंच जर तुमचं स्वप्न असेल तर सीजीएलचा फॉर्म भरायला काय हरकत आहे. आमच्या बॅचमधली सोलापूरची एक मुलगी दोन्हीची तयारी करतेय आणि तिच्या घरचे पहिल्यांदा निवांत झालेत, कारण आता त्यांना पाहुण्यांना सांगायला प्लॅन बी आहे.

आता खरं सांगायचं ते शिकवण्याबद्दल. बाकी ठिकाणी आंतरराष्ट्रीय संबंध म्हणजे पेपरमधली बातमी, मग भारत अमुक देश संबंधांचे पाच आयाम, मग वे फॉरवर्ड. इथे अर्धी बॅच या नोकरीत सकाळी ऑफिसला गेल्यावर काय काम असतं याच्यावर आहे. दुसऱ्या आठवड्यात सरांनी एक केस दिली. आखाती देशातल्या एका शहरात रत्नागिरी जिल्ह्यातला कामगार साईटवर वारला, मालक फोन उचलत नाही, गावाकडून भाऊ फोन करतोय, तुम्ही दूतावासात कम्युनिटी वेल्फेअर बघणारे तरुण अधिकारी आहात, शुक्रवार आहे आणि तिथली सगळी सरकारी ऑफिसं बंद आहेत. सुरुवात कुठून कराल? आम्ही सगळ्यांनी मोठी मोठी उत्तरं दिली, द्विपक्षीय पातळीवर मुद्दा उचलू वगैरे. सरांनी शांतपणे कागदांची यादी लिहायला लावली. स्थानिक डेथ सर्टिफिकेट, पोलीस रिपोर्ट, कुटुंबाचं संमतीपत्र, पासपोर्ट रद्द करून त्यावर शिक्का, दूतावासाचं ना हरकत, विमान कंपनीचं बुकिंग. मालक खर्च देत नसेल तर इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड आहे, २००९ पासून, त्यातून मृतदेह आणता येतो. कुटुंबाला तक्रार नोंदवायला मदद पोर्टल आहे, २०१५ ला सुरू झालं. मग एका मुलाला भाऊ केलं आणि एकीला अधिकारी, आणि फोन कॉल करायला लावला. भाऊ झालेला मुलगा मूळचा खेडचाच होता, त्याचे दोन काका कतारला आहेत, तो जे बोलायला लागला, "मॅडम आमची आई जेवत नाय तीन दिवस, तुम्ही नुसतं मंगळवारी येईल की बुधवारी येईल एवढं सांगा", वर्ग एकदम गप्प झाला. अधिकारी झालेल्या मुलीला उत्तरच सुचेना. सर म्हणाले खोटी तारीख द्यायची नाही, पण पुढचा फोन मी स्वतः किती वाजता करणार ते सांगायचं आणि त्या वेळेला करायचाच. कुठल्याही नोट्समध्ये हे नसतं. मला डिप्लोमसी म्हणजे गोलमेज आणि झेंडे वाटायचे, मला त्या दिवशी वाटलं की हे काम मला जमेल आणि मला हेच करायचंय.

त्याच्यानंतर व्हिएन्ना करार आले आणि ते मग डोक्यात बसलेच. १९६१ चा राजनैतिक संबंधांचा आणि १९६३ चा कॉन्स्युलर, म्हणजे परदेशातल्या आपल्या नागरिकांना मदत करण्याच्या कामाचा. १९६३ च्या कराराचं कलम ३६ शिकवताना त्यांनी कुलभूषण जाधव केस घेतली, आपल्या महाराष्ट्राचा माणूस असल्यामुळे सगळ्यांना नाव माहीत होतं पण केस नक्की कशावर लढली गेली हे फार जणांना माहीत नव्हतं. पाकिस्तानने २०१६ मध्ये पकडलं, एप्रिल २०१७ मध्ये लष्करी कोर्टाने फाशी सुनावली, मे महिन्यात भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि १७ जुलै २०१९ ला १५ विरुद्ध १ असा निकाल आला. मुद्दा होता की परदेशी नागरिकाला पकडलं की त्याला त्याच्या हक्काबद्दल विनाविलंब सांगायचं, त्याच्या दूतावासाला कळवायचं आणि भेटू द्यायचं. पाकिस्तान म्हणत होतं की हेरगिरीच्या आरोपाला हे कलम लागू नाही आणि २००८ चा दोन देशांमधला वेगळा करार आहे, कोर्टाने दोन्ही मान्य केलं नाही. नागपूरचे हरीश साळवे भारताकडून एक रुपया फी घेऊन उभे राहिले हे आपण सगळे व्हॉट्सॲपवर वाचतो. सरांनी आमचं लक्ष दुसरीकडे वळवलं. जाधवांना भेटू द्या अशी मागणी करणारी पत्रं भारतीय उच्चायोगाने एकामागून एक दिली होती, तारीखवार, आणि कोर्टात तीच उपयोगी पडली. कोणीतरी ज्युनिअर अधिकाऱ्याने ती टाईप केली असणार, फाईल नीट ठेवली असणार. मग आम्हाला नोट व्हर्बाल, म्हणजे दूतावासाने तिथल्या सरकारला द्यायचं औपचारिक पत्र, लिहायला लावली, तिसऱ्या पुरुषात, सुरुवातीचा आणि शेवटचा आदराचा मायना ठरलेला, मधला मजकूर एकदम नेमका. माझी पहिली नोट लाल शाईने भरून परत आली आणि प्रत्येक खुणेशेजारी कारण लिहिलेलं होतं.

बॅचचा सगळ्यात भारी भाग म्हणजे वाटाघाटीचे दोन रविवार. कॉलेजमधलं मॉडेल यूएन, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या सभेची नक्कल, मी केलंय, तिथे ज्याचं इंग्रजी फाडफाड तो जिंकतो. इथे भाषणालाच बंदी होती. विषय गंगा पाणीवाटप करार, १२ डिसेंबर १९९६ ला देवेगौडा आणि शेख हसीना यांनी सही केलेला, मुदत ३० वर्षं. पश्चिम बंगालमधल्या फरक्का बंधाऱ्यावर १ जानेवारी ते ३१ मे या कोरड्या महिन्यांत पाणी दहा-दहा दिवसांच्या हिशोबाने वाटायचं. प्रवाह ७० हजार क्युसेक किंवा कमी असेल तर निम्मं निम्मं, ७० ते ७५ हजार असेल तर बांगलादेशला ३५ हजार आणि उरलेलं भारताला, ७५ हजाराच्या वर असेल तर भारताला ४० हजार आणि उरलेलं त्यांना. वर्गाचे तीन गट केले, भारत, बांगलादेश आणि पश्चिम बंगाल सरकार. हा तिसरा गट ठेवणं मला फार आवडलं. कारण भारताच्या गटाने बाहेर काहीही कबूल करायच्या आधी घरात कोलकात्याला समजवायचं होतं आणि कोलकाता ऐकत नव्हता. सांगलीचा एक मुलगा बंगालच्या गटात होता, तो म्हणाला आमच्याकडे कृष्णेच्या पाण्यावरून तीन राज्यं लवादात भांडली आहेत, मला कोणी शिकवू नका, आणि त्याने अख्ख्या भारताच्या गटाला दीड तास अडकवून ठेवलं. मजकुरावर एकमत नसलेला प्रत्येक शब्द चौकोनी कंसात टाकायचा आणि शेवटपर्यंत किती कंस काढून टाकता येतात ते बघायचं, खऱ्या वाटाघाटीत असंच करतात. पहिल्या रविवारी संध्याकाळी आमच्या कागदावर कंसच कंस होते. प्रवाह ५० हजारांच्या खाली गेला तर काय, यावर गाडी अडली, मूळ करारात अशा वेळी दोन्ही सरकारांनी तातडीने सल्लामसलत करायची एवढंच लिहिलंय. आम्हाला हे मोघम वाटत होतं, पण दोन रविवार डोकं घातल्यावर लक्षात आलं की त्यांनी ते तसं का ठेवलं असेल. पीएसआयआरच्या दुसऱ्या पेपरला भारत-बांगलादेश किंवा संघराज्य आणि परराष्ट्र धोरण आलं तर मला आता वेगळं पाठ करायची गरज नाही.

भाषेवर एक पूर्ण लेक्चर आहे. बऱ्याच मुलांना वाटतं की आयएफएससाठी आधीच फ्रेंच किंवा जपानी यायला पाहिजे. तशी अट नाहीये. निवड झाल्यावर मसुरीला फाउंडेशन कोर्स, मग दिल्लीत सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्थेत ट्रेनिंग, भारत दर्शन, लष्कराबरोबर अटॅचमेंट, आणि मग एक सक्तीची परदेशी भाषा मिळते. ती जिथे बोलतात किंवा शिकवतात तिथे थर्ड सेक्रेटरी म्हणून पाठवतात आणि भाषेची परीक्षा पास झाल्यावरच पुढे नोकरी पक्की होते. पुढची सगळी करिअर त्या भाषेभोवती फिरू शकते. विजय गोखले २०१८ ते २०२० परराष्ट्र सचिव होते, त्यांची चिनी भाषा आणि चीनमधली पोस्टिंग्ज हे उदाहरण सरांनी दिलं. तरी शिकायची आवड असेल तर पुण्यात राहून संधी सोडू नका, रानडे इन्स्टिट्यूटला विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी, स्पॅनिश, फी खाजगीपेक्षा खूप कमी. मी रशियनला नाव घातलंय. इंटरव्ह्यूत सांगायला म्हणून नाही, तर रोज नवीन भाषेशी झगडायला मला आवडतं का हे बघायला.

एक तास पालकांसाठी असतो आणि तो फुकट आहे, आईवडिलांना आणाच. माझे पप्पा आणि आत्या आले होते. आत्याने सरळ विचारलं की लग्नाचं काय, पोरगी तीन-तीन वर्षं कुठे आफ्रिकेत राहणार. सरांनी टाळलं नाही. त्यांनी सी. बी. मुथम्मांची गोष्ट सांगितली, १९४९ मध्ये सेवेत आलेल्या पहिल्या महिला अधिकारी. तेव्हाच्या नियमात बाईने लग्नाआधी लेखी परवानगी घ्यायची आणि लग्नानंतर काम नीट होणार नाही असं सरकारला वाटलं तर राजीनामा मागायची सोय होती. त्या सुप्रीम कोर्टात गेल्या आणि १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या नियमांवर फार कडक शब्दांत ताशेरे ओढले. हे सगळं सांगून झाल्यावर सर हेही म्हणाले की आजही बदल्यांमुळे मुलांच्या शाळा, जोडीदाराची नोकरी, म्हातारे आईवडील हे प्रश्न सुटलेले नाहीत, आणि काही पोस्टिंग अशा ठिकाणी असतात जिथे कुटुंब नेताच येत नाही. पप्पा परत जाताना बसमध्ये फार बोलले नाहीत, पण घरी जाऊन आईला म्हणाले की माणूस खरं बोलतो. आणि शिरोळ तालुक्यातल्या अब्दुललाटचे ज्ञानेश्वर मुळे न्यूयॉर्कला कॉन्सुल जनरल होते हे त्यांनी तेव्हापासून निदान वीस लोकांना सांगितलं असेल. सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या राजघराण्यातले आप्पासाहेब पंत १९४८ मध्ये नैरोबीला भारताचे प्रतिनिधी म्हणून गेले होते हेही त्यांना आवडलं, पण मुळेंचं गाव आमच्यासारखं, म्हणून ते जास्त जवळचं वाटलं.

आता जिथे ही बॅच कमी पडते ते पण सांगते, कारण फी आईवडिलांच्या खिशातून जाते. सगळ्यात मोठी गोष्ट मराठी माध्यमाची. मेन्स म्हणजे मुख्य परीक्षा मराठीत लिहिता येते, इंटरव्ह्यूही मराठीत देता येतो, हे सर स्वतः सांगतात, पण उत्तरं तपासायला ज्या मॅडम आहेत त्या इंग्रजीच तपासतात. मराठीत लिहिणाऱ्यांच्या वह्या सरांकडे जातात आणि सर एकटे किती करणार, माझ्या मैत्रिणीची वही सहा आठवड्यांनी परत आली आणि त्यावर फक्त "चांगला प्रयत्न" लिहिलेलं. हे बरोबर नाही. तिने तेवढीच फी भरली आहे. आम्ही दोघींनी जाऊन बोललो, ऑफिसमधल्या दादांनी पुढच्या बॅचला मराठीसाठी वेगळा तपासनीस ठेवू असं सांगितलं, ठेवला की नाही ते विचारून मगच पैसे भरा. लेक्चर मराठी-इंग्रजी मिक्स असतं, ते समजायला अडचण येत नाही, पण नोट्स पूर्ण इंग्रजीत.

दुसरं म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या नोकऱ्यांवरचं लेक्चर. ते बाहेरून आलेल्या एका पाहुण्यांनी घेतलं आणि निम्मा वेळ स्वतःच्या फोटोंमध्ये गेला. संयुक्त राष्ट्रांच्या तरुणांसाठीच्या भरतीला, यंग प्रोफेशनल्स प्रोग्रामला, वयाची मर्यादा ३२ आहे आणि तो दरवर्षी ठराविक देशांच्या नागरिकांनाच खुला असतो, ज्यांचं तिथे प्रतिनिधित्व कमी आहे त्यांना, त्यामुळे आधी त्या वर्षीच्या यादीत आपला देश आहे का ते बघायचं, एवढी साधी माहिती सुद्धा मला नंतर सरांकडून मिळाली. तीच गोष्ट परराष्ट्र मंत्रालयाच्या इंटर्नशिपची. ग्रॅज्युएशन करणाऱ्यांना हे पहिल्या महिन्यातच सांगायला पाहिजे, इथे ते शेवटच्या आठवड्यात आलं तेव्हा काही जणांची त्या सत्राची तारीख उलटून गेली होती. बॅच संपत आली की वेळापत्रक घाईघाईत उरकतात असं वाटलं, हवामान बदल आणि व्यापार वाटाघाटी हे दोन मोठे विषय एका रविवारी कोंबले.

रेकॉर्डिंग मिळत नाही. सरांचं म्हणणं आहे की इथे मुलं एकमेकांशी बोलून शिकतात, रेकॉर्डिंग बघून नाही, ते मला पटतं, पण ज्याचा तास चुकला त्याला निदान नोट्स तरी वेळेवर द्या. गावाकडे लग्न, आजारपण, काही ना काही असतंच की.

पैशाची अडचण असेल तर आधी फुकटचे पर्याय बघा. मुंबईची राज्य प्रशासकीय व्यवसाय शिक्षण संस्था, म्हणजे एसआयएसी, पुण्यात यशदाचं केंद्र, आणि बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या योजना, ज्याला जी लागू असेल ती. तिथून मूळ यूपीएससीची तयारी होते आणि महिन्याचा मेसचा खर्चही सुटू शकतो. ही बॅच त्याच्यावर जोड म्हणून घ्या, त्याच्याऐवजी नको. ज्यांचं प्रिलिमच अजून अडकतंय त्यांनी आत्ता अजिबात येऊ नका, आधी प्रिलिम काढा. आणि जे सेकंड इयर-थर्ड इयरला आहेत त्यांनी मात्र जरूर या, त्यांना सगळ्यात जास्त फायदा आहे, कारण त्यांच्या हातात अजून भाषा शिकायला, इंटर्नशिप करायला आणि नको वाटलं तर रस्ता बदलायला वेळ आहे. आमच्या बॅचमधल्या एका मुलाने फोन कॉलच्या सरावानंतर ठरवलं की मला हे नाही जमणार, तो आता राज्यसेवेची तयारी करतोय आणि मजेत आहे. त्याची फी माझ्या मते पूर्ण वसूल झाली.

डेमो शनिवारचा बघा, रविवारचा नको, शनिवारी सर स्वतः शिकवतात. जाताना एखादी खरी अडचण विचारायला घेऊन जा, ओळखीतल्या कुणाचा परदेशात पासपोर्ट हरवलाय, पगार अडकलाय असं काहीही. मराठीत मेन्स लिहिणार असाल तर तपासनीस कोण आहे ते नाव विचारा आणि तपासलेली एक जुनी वही दाखवा म्हणा. दाखवली तर पहिला हप्ता भरून टाका.